बॅक घडवणारा टर्फ

बेळगावात आता जिकडे बघावं तिकडे टर्फ, म्हणजे नकली गवताची मैदानं, आणि प्रत्येक टर्फवर फुटबॉलचं कोचिंग. बॅनरवर सगळीकडे गोल मारणारं पोर. तिसऱ्या रेल्वे गेटाच्या पलीकडच्या टर्फवरचे सर मात्र नव्या पोरांना आधी बॅकला, म्हणजे आपला गोल राखणाऱ्या फळीत, उभं करतात. माझा भाचा तिथं जातो, सातवीत आहे. मी इथल्या कॅम्प भागात राइट बॅक, म्हणजे उजवीकडचा बॅक, खेळलेला माणूस, त्यामुळं कडेला उभा राहून सगळं बघत असतो.

सर पण जुने राइट बॅकच. त्यांचं दैवत स्कॉटलंडचा राइट बॅक स्टीव्ह क्लार्क. मेस्सीचा टी-शर्ट घातलेल्या पोरांपुढं हे नाव घ्यायला धाडस लागतं बघा! लंडनच्या चेल्सी क्लबकडून १९८७ ते १९९८ खेळला, स्कॉटलंडकडून मात्र जेमतेम ६ सामने. चेल्सीसाठी शेवटचा सामना १९९८ ची युरोपातली कप विनर्स कप फायनल, आणि ती जिंकून बाहेर पडला. स्ट्रायकरच व्हायचंय म्हणून हटून बसलेल्या पोराला सर दुसरा हिशेब सांगतात: २००४-०५ ला क्लार्क चेल्सीचा कोच मोरिन्योचा असिस्टंट, चेल्सीनं ३८ सामन्यांत फक्त १५ गोल खाल्ले आणि इंग्लंडची लीग मारली.

शिकवणं कसं, तर विंगर (कडेनं चढाई करणारा) बॉल घेऊन येतो आणि बॅकनं दोन्ही हात पाठीमागं धरायचे. जर्सी ओढणं बंद, पाय टाकणंही बंद. अंग तिरकं ठेवून, बारीक पावलं टाकत त्याला साइडलाइनकडं ढकलत न्यायचं. "पाय नको टाकू, वाट अडव!" हे वाक्य मराठीत, मग कन्नडात, आणि कॅम्पातल्या पोरांसाठी कोकणीतही. भाच्याला पहिल्यांदा हे भयंकर कंटाळवाणं वाटलं. आता घरात ताईच्या वाटेत तिरका उभा राहतो आणि शिव्या खातो.

मी उद्यमबागेत मशीन शॉपला आहे, म्हणून मला सरांची एक गोष्ट जास्त पटली. क्लार्क स्कॉटलंडच्या सेंट मिरन क्लबला पार्टटाइम खेळत असताना इन्स्ट्रुमेंट इंजिनिअरची अप्रेंटिसशिप करत होता. शाळा बुडवून प्रॅक्टिसला आलेल्या पोराला सर हे ऐकवून घरी पाठवतात. फी बुडाली तरी चालेल म्हणणारा कोच आमच्याकडं विरळाच.

आमची पोरं एकदा सपाटून हरली, तेव्हा सरांच्या बोलण्यात स्कॉटलंडचा किल्मारनॉक क्लब निघाला. २०१७ ला क्लार्क कोच म्हणून आला तेव्हा ते लीगच्या तळाला होते, २०१८-१९ ला तिसरे. पुढं स्कॉटलंडचा कोच होऊन २०२० मध्ये बेलग्रेडला सर्बियाला पेनल्टीवर हरवलं. १९९८ नंतर प्रथमच त्यांची पुरुषांची टीम मोठ्या स्पर्धेत गेली. पोरांना किल्मारनॉक कुठं आहे पत्ता नाही, पण पुढच्या सामन्यात कुणी रडलं नाही.

आता तक्रारी. गोलकीपरला वेगळं शिकवत नाहीत, तो बिचारा नुसता बॉल आणून देतो. एका कोपऱ्यातला फ्लडलाइट पावसाळ्यापासून बंद आहे. मुलींना कपडे बदलायला जागा नाही, आणि मुली येतात, चांगल्या खेळतात. मॅनेजरला सांगितलं की "बघू या की" एवढंच. टर्फची काळी रबरी बुंदी मोज्यांतून घरभर होते ती वेगळीच.

पाचपैकी चार. शनिवारी संध्याकाळी फार गर्दी असते, सकाळच्या बॅचला नाव घाला. पिण्याचं पाणी घरूनच न्या.