बाथरूमचं काम: आधी फरशी की आधी भिंत?

तोडफोड, झिऱ्या मारणं (पाइपांसाठी भिंतीत खाचा पाडणं), पाइप टाकून प्रेशर देऊन बघणं, वॉटरप्रूफिंग, मग पाणी भरून दोन दिवस खालच्यांच्या छताकडे बघत बसणं. इथपर्यंतच्या क्रमाबद्दल सहसा वाद होत नाही. वाद सुरू होतो तो टाईल्सची खोकी घरात आल्यावर. एक मिस्त्री म्हणतो आधी फरशी करून घेऊ, दुसरा म्हणतो भिंत वर चढवू, फरशी शेवटी. दोघंही छातीठोकपणे सांगतात आणि दोघांचीही कामं टिकलेली असतात. आमच्या घरात बाहेरचं बाथरूम पहिल्या पद्धतीने झालं आणि आतलं दुसऱ्या, म्हणून हे लिहितोय.

आधी फरशी घेण्यात एक सरळपणा आहे. खालून सुरुवात करायची आणि भिंतीचा थर थरावर चढवत न्यायचा. कापाकापी वर जाते आणि फॉल्स सीलिंगमागे लपते. फरशीच्या आणि भिंतीच्या दर्जा (दोन टाईल्समधल्या फटी) एका रेषेत हव्या असतील तर याच पद्धतीत ते सोपं जातं, कारण मिस्त्रीला फरशीची रेघ समोर दिसत असते. शिवाय काम सलग होतं, मिस्त्रीला मध्येच दुसऱ्या साइटवर पळायला निमित्त मिळत नाही. हा फायदा कमी समजू नका.

दुसऱ्या पद्धतीत भिंतीचा सर्वात खालचा थर सोडून देतात आणि दुसऱ्या थरापासून वर चढतात. भिंत झाली की फरशी, आणि शेवटी तो सोडलेला थर फरशीवर टेकवून बसवतात. म्हणजे काम संपल्यावर दोन्ही बाथरूमं सारखीच दिसतात, भिंतीची टाईल फरशीवरच उभी असते. पाहुण्याला फरक सांगता येणार नाही.

फरक कळतो तो फरशी पुसणाऱ्याला. हल्ली बाथरूमला घसरू नये म्हणून सगळे मॅट फरशी घेतात आणि ते योग्यच आहे. पण त्या खरखरीत पृष्ठभागावर सिमेंटचं पाणी पडलं की ते बारीक खड्ड्यांत जाऊन बसतं. बाहेरच्या बाथरूममध्ये फरशीवर प्लास्टिक अंथरून वर पीओपीचा थर दिला होता, म्हणजे काळजी घेतली नव्हती असं नाही. पण भिंतीचं काम चालू असताना त्याच जागेत मिस्त्रीचा चढायचा घोडा उभा राहतो, बादली सरकवली जाते, टाईल कापली जाते. पीओपी कोपऱ्यांत आणि नहाणी ट्रॅपच्या, म्हणजे पाणी जाण्याच्या जाळीच्या तोंडाभोवती फुटतो आणि भिंतीच्या दर्जा भरतानाचं पाणी नेमकं तिथे शिरतं. फरशी ओली असते तेव्हा छान दिसते. वाळली की ट्रॅपभोवती पांढुरकी साय उमटते. घासून जात नाही. अ‍ॅसिड मारलं तर थोडी जाते, पण अ‍ॅसिड दर्जांमधलं सिमेंटही खातं, आणि मग वर्षभराने दर्जा पुन्हा भरायची वेळ येते. रोज अंघोळ झाली की ती साय दिसते आणि रोज तेवढ्यापुरता जीव चिडतो. कुणी म्हणेल, एवढ्याशा डागावरून पद्धत ठरवायची का? मी तरी ठरवली.

आतल्या बाथरूममध्ये फरशी शेवटी आल्यामुळे ती अजून कोरी आहे. आणखी एक गोष्ट तिथे लक्षात आली. सहा फुटांत पाऊण इंच ढाळ धरला तर खालच्या टाईल्स तिरक्या कापाव्याच लागतात. आधी फरशी असेल तर त्या कापण्यातली चूक वरच्या प्रत्येक थरात चढत जाते. इथे ती खालच्या थरातच संपते. शिवाय शेवटचा थर लावायच्या आधी बादलीभर पाणी ओतून बघता येतं. पाणी ट्रॅपकडे न जाता कोपऱ्यात थांबलं, तर भिंतीला हात न लावता तेवढी फरशी उचलता येते.

या पद्धतीचा जाचही सांगायला हवा. सुटलेला थर म्हणजे जेमतेम अर्ध्या दिवसाचं काम, आणि तेवढ्यासाठी मिस्त्री परत येणं ही स्वतंत्र कहाणी आहे. शेवटचा हप्ता त्या थरापर्यंत राखून ठेवा. त्या थराच्या टाईल्स, दोन-चार जास्तीच्या धरून, त्याच लॉटमधून आधीच बाजूला काढा. आणि सर्वात महत्त्वाचं: दुसऱ्या थराला आधार म्हणून मिस्त्री भिंतीवर पट्टी ठोकतात, तिचे खिळे थेट वॉटरप्रूफिंगच्या थरात जातात. फूटभर वर चढवलेला तो थर तिथे भोकं पाडायला नव्हता घेतला. पट्टी खालून विटांवर टेकवायला सांगा, लेव्हलच्या नळीने पातळी घ्या. थोडी कुरकुर होईल, पण काम होतं.

तरीही काही घरांत आधी फरशीच बरी. फरशी ग्लॉसी किंवा ग्रॅनाइटची असेल तर डागाचा प्रश्न बराचसा मिटतो. घरात एकच बाथरूम असेल आणि शेजाऱ्यांकडे अंघोळीला जावं लागत असेल, तर सलग संपणारं काम सोयीचं. मिस्त्रीचा हात फरशी-आधीवर बसलेला असेल, तर त्याला उलट करायला लावून फार काही साधत नाही. फक्त मग ट्रॅपचं तोंड चिंधी कोंबून वरून टेपने बंद करा आणि भिंतीच्या दर्जा भरतील त्या दिवशी घरी थांबा. पडलेलं पाणी ओलं असतानाच स्पंजने उचललं तर साय धरत नाही. दुसऱ्या दिवशीपर्यंत थांबलात तर ती तिथेच राहते.