शॅडो टीचर व्हायचंय: छोटा कोर्स की दोन वर्षांची पदविका?

विशेष गरजा असलेल्या मुलाशेजारी वर्गात बसून त्याला हात देणाऱ्या ताईला शाळांमध्ये ‘शॅडो टीचर’ म्हणतात. या कामाकडे वळण्याचे मुख्य रस्ते दोन.

पहिला, काही आठवड्यांचा किंवा महिन्यांचा प्रमाणपत्र कोर्स. घर सांभाळून करता येतो, ऑटिझम (स्वमग्नता), एडीएचडी (लक्ष न टिकणं, अतिचंचलता) म्हणजे काय याची तोंडओळख होते. पण तोंडओळखच. मधल्या सुट्टीची घंटा झाली की कानांवर हात दाबून बाकाखाली शिरणारं मूल मी पाहिलंय. त्याला ओढून बाहेर काढायचं नसतं. घंटेच्या पाच मिनिटं आधी डब्याचं चित्रकार्ड दाखवायचं आणि हळूच दाराबाहेर न्यायचं. हे अनुभवी बाईंच्या हाताखाली राहिल्याशिवाय अंगवळणी पडत नाही.

दुसरा रस्ता डी.एड. विशेष शिक्षण या पदविकेचा. बारावीनंतर दोन वर्षं, प्रत्यक्ष मुलांबरोबरच्या सरावासकट. अभ्यासक्रम भारतीय पुनर्वास परिषदेच्या (अशा अभ्यासक्रमांना मान्यता देणाऱ्या केंद्रीय संस्थेच्या) मान्यतेचा असला की पुढे परिषदेकडे नोंदणी होते, विशेष शिक्षकाच्या जागेसाठी अर्जही करता येतो. मान्यता नसलेल्या छोट्या कोर्सवर ही नोंदणी मिळत नाही. फी भरण्याआधी हे स्पष्ट विचारून घ्या.

दोन वर्षं काढणं जमत असेल तर मी पदविकाच सुचवेन. काम आपल्याला झेपतंय का एवढंच आधी बघायचं असेल, तर छोटा कोर्स चालेल. मात्र त्यात वर्गातला सराव किती दिवसांचा आहे, ते पाहा.