यूव्हर्जन बायबल अ‍ॅप : मराठी घरसभेला कितपत कामाचं?

मुंबईतल्या मराठी मंडळ्यांत, म्हणजे चर्चमध्ये, संदेश (प्रवचन) सुरू झाला की पिशवीतलं बायबल कमी आणि खिशातला मोबाईल जास्त निघतो, आणि त्यावर बहुधा यूव्हर्जनचं बायबल अ‍ॅप असतं. अमेरिकेतल्या लाईफ डॉट चर्च या मंडळीने ते 2008 मध्ये आणलं. फुकट आहे, जाहिराती नाहीत, अक्षर हवं तेवढं मोठं करता येतं. नुसतं वाचायला झकास आहे, त्यावर वेळ घालवत नाही. इथे तपासायचंय ते वेगळं : पगार, शेजार, घरातली भांडणं, मंडळीचा पैसा अशा रोजच्या व्यवहाराला बायबलचं वचन लावून पाहणाऱ्या घरसभेला, म्हणजे कोणाच्या तरी घरी जमून बायबल वाचणाऱ्या गटाला, हे अ‍ॅप किती साथ देतं?

आधी मांडणी. ‘बायबल’वर जाऊन वर दिसणाऱ्या आवृत्तीच्या नावावर बोट ठेवायचं आणि भाषा मराठी निवडायची. बायबल सोसायटीचं आर. व्ही. (रिव्हाइज्ड व्हर्जन) पवित्र शास्त्र मिळतं, सोप्या मराठीतल्या आवृत्त्याही मिळतात. आवृत्तीपुढे डाउनलोडची खूण असेल तरच ती नेटशिवाय उघडते. प्रकाशकाची परवानगी नसेल तर ती सोय नाही. लोकलमध्ये किंवा चाळीच्या आतल्या खोलीत रेंज जाते, तेव्हा हे काम घरी वायफायवर उरकून टाकावं. घरसभेच्या निरोपात कोणती आवृत्ती वाचणार तेही लिहावं. नाहीतर पाळीपाळीने स्तोत्र वाचताना एकीचं वाक्य संपतं तेव्हा दुसरा अजून अर्ध्यातच असतो, आणि आजीबाई हातातलं छापील पुस्तक मिटून गप्प बसतात.

खरी अडचण ‘आजच्या वचना’ची. सुंदर चित्रावर एक ओळ येते, सकाळी सातच्या आत ती कुटुंबाच्या ग्रुपवर फिरते आणि दिवसभर तेवढीच डोक्यात राहते. यिर्मया 29:11 चंच घ्या (अध्याय 29, वचन 11) : देवाचे तुमच्याविषयीचे संकल्प हिताचे आहेत, असं ते सांगतं. बारावीच्या निकालाआधी, नोकरीच्या मुलाखतीआधी हे वचन हमखास पाठवलं जातं. पण तो अध्याय म्हणजे बाबेलात बंदिवान होऊन गेलेल्यांना लिहिलेलं पत्र. 10व्या वचनात 70 वर्षांची मुदत आहे. 5 ते 7 मध्ये घरं बांधा, मळे लावा, ज्या नगरात तुम्हाला नेलंय त्याच्या भल्यासाठी प्रार्थना करा असं सांगितलंय. म्हणजे लगेच सुटका नाही, आहात तिथे नीट राहा. कल्याणहून रोज उभ्याने प्रवास करून नकोशी नोकरी करणाऱ्याला या अध्यायात पुष्कळ आहे, पण ते 11व्या वचनाच्या आधी आहे. फिलिप्पै 4:13 चंही तसंच (‘मला सामर्थ्य देणाऱ्याच्या द्वारे मी सर्वकाही करू शकतो’) : 11 आणि 12 मध्ये विषय आहे तो विपुलतेत आणि टंचाईत तृप्त राहण्याचा, स्पर्धा जिंकण्याचा नाही.

अ‍ॅपमध्ये त्या ओळीवरून अख्खा अध्याय उघडता येतो. घरसभेत सक्ती करावी ती याचीच. अध्याय मोठ्याने पूर्ण वाचायचा, मग तीन प्रश्न : कोण कोणाला सांगतोय, याच्या आधी काय घडलंय, आणि या आठवड्यात कोणी नेमकं काय करायचं. तिसऱ्याचं उत्तर ‘विश्वासात वाढायचं’ असं आलं तर ते उत्तर धरू नये. सुरुवातीला याकोबाचं पत्र घ्यावं. 5 अध्याय, 108 वचनं, आठवड्याला एक अध्याय. 5:4 ला पोचलात की शेतमजुरांची अडवलेली मजुरी येते. तिथून लेवीय 19:13 वर जा : मजुराचा पैसा सकाळपर्यंतही ठेवून घ्यायचा नाही. आता प्रश्न सरळ आहे. घरकामाला येणाऱ्या मावशींचा पगार 1 तारखेला जातो की आपला जमा झाल्यावर, सवडीने? त्या आजारी पडल्या तर खाडा कापतो का? खोलीत इथे थोडी चुळबुळ होते, आणि व्हायलाच हवी.

शोध मात्र तोकडा पडतो. तो मुख्यतः शब्द शोधतो, हव्या त्या विषयापर्यंत पोचवेलच असं नाही. अर्पणाचा पैसा कसा हाताळावा हे पाहायचं असेल तर 2 करिंथ 8:16 ते 22 हा उतारा स्वतःलाच माहीत असावा लागतो. प्रेषित पौलाने यरुशलेममधल्या गरजूंसाठी जमवलेली मदत एकट्याने नेली नाही. तीताबरोबर आणखी बंधू दिले, त्यांतला एक मंडळ्यांनी निवडलेला, कोणी बोट दाखवू नये म्हणून. मंडळीत याचा अर्थ असा : अर्पणाची थैली दोघांनी मोजायची, दोघं एका घरातले नकोत, आकडा तिथेच वहीत लिहून दोघांच्या सह्या, आणि रोकड कोणाच्याही घरी मुक्कामाला न्यायची नाही. पाळकांवर (मंडळीच्या धर्मगुरूंवर) विश्वास आहे म्हणून हे टाळणारी मंडळी पुढे पाळकांनाच अडचणीत आणते.

वाचनयोजना मराठीत आहेत, इंग्रजीच्या मानाने बऱ्याच कमी. मित्रांबरोबर योजना वाचायची सोय तरुण संघाला बरी. रोज प्रत्येकाने एक ओळ लिहायची ठेवली तर कोण मागे पडलंय ते कळतं. सलग किती दिवस अ‍ॅप उघडलं याचा आकडा मात्र फसवतो. तो तुटू नये म्हणून रात्री अकरा पन्नासला उघडून बंद करणारे कमी नाहीत. नवख्याला सवय लागेपर्यंत ठीक, त्यापुढे तिकडे बघू नये.

सेवेत असणाऱ्यांनी टिपणांची एक गोष्ट सांभाळावी. वचनावर बोट ठेवून टीप लिहिता येते, आणि ती खासगी, मित्रांपुरती की सर्वांसाठी खुली हे जतन करताना ठरतं. घरभेटीत कोणी नवऱ्याच्या दारूबद्दल किंवा कर्जाबद्दल सांगितलेलं असतं. प्रार्थनेसाठी म्हणून ते नावासकट टिपलं आणि पर्याय न बघता बटण दाबलं, तर रविवारपर्यंत सगळ्या मंडळीला ठाऊक. अशा टिपा अ‍ॅपमध्ये लिहूच नयेत. छोटी वही पुरते, आणि तिच्यातही नावाचं पहिलं अक्षर.