लक्ष्मी रस्त्यावरील एका दुकानातील पैठणी खरेदी

पैठणीसारखी महागडी वस्तू आयुष्यात एखाद-दुसऱ्यांदाच घेतली जाते. त्यामुळे लक्ष्मी रस्त्यावरील ज्या दुकानात विक्रेता साडी आधी उलटी करून दाखवतो, त्या दुकानाविषयी माझे मत अनुकूल होणे स्वाभाविकच होते. हातमागावरील पैठणीच्या पदरावरची नक्षी मागूनही जवळपास तितकीच स्वच्छ दिसते, तर यंत्रमागावरील ‘सेमी पैठणी’च्या मागच्या बाजूस बहुधा सुटे धागे आढळतात, हा फरक येथे न विचारता समजावून सांगण्यात आला. जरीत चांदी किती, या प्रश्नाला मात्र गुळमुळीत उत्तर मिळाले. केंद्रीय रेशीम मंडळाने २००४ मध्ये सुरू केलेला ‘सिल्क मार्क’ केवळ शुद्ध रेशमाची ग्वाही देतो, हातविणीची नव्हे; त्यासाठी २००६ पासूनचे ‘हँडलूम मार्क’ वेगळे आहे, आणि ते मागितल्यावरच पुढे आले. लग्नसराईच्या गर्दीतही ‘घरी विचार करून या’ असे सांगितले गेले, ही बाब (पुण्यातील दुकानदारीचा लौकिक पाहता) विशेष वाटली. भाव ठाम आहेत, सवलतीची अपेक्षा ठेवू नये. साडी बदलून देण्याची मुदत बिलावर छापलेली नसते, ती लिहून घ्यावी.