लाइट सेन्सरचा बिघाड: स्कॅनर आणि मल्टिमीटर, काही महिने वापरल्यानंतर

ऑटोवर ठेवलेले हेडलाइट भरदुपारी पेटलेलेच राहतात, या तक्रारीवर स्कॅनर (गाडीतले बिघाडाचे कोड वाचणारे यंत्र) आणि मल्टिमीटर ही दोन्ही साधने वापरली. असे दिवे बाहेरचा उजेड मोजणाऱ्या लाइट सेन्सरच्या इशाऱ्यावर पेटतात. दोन्हींपैकी एकच घ्यायचे असेल तर मीटर घ्या.

स्कॅनर वाईट नाही, पण फक्त इंजिनाचे कोड वाचणारा, गाडीच्या निदान सॉकेटला लावायचा स्वस्त ओबीडी रीडर इथे उपयोगाचा नाही. ‘बी’ने सुरू होणारे बॉडीचे कोड दिसायला हवेत. तेही ‘सेन्सर सर्किट’ एवढेच सांगतात. त्यात वायर, कपलर (वायरींचा जोड), अर्थ (निगेटिव्ह जोडणी), मॉड्यूल (दिवे सांभाळणारे कंट्रोल युनिट) सगळे आले. तेवढ्यावर नवा सेन्सर मागवणे म्हणजे जुगार.

आधी डॅशबोर्ड बघा, सेन्सर बहुधा त्यावरच काचेजवळ असतो. सोलापुरात पारा चाळिशीपार गेला की तिथे टॉवेल नाहीतर चादर अंथरलेली असते. खाली सेन्सर झाकला की गाडीच्या हिशेबाने रात्रच! गणपतीची मूर्तीही कधी नेमकी त्यावरच चिकटवलेली असते. सेन्सर आरशामागे असेल आणि काच नुकतीच बदलली असेल, तर सेन्सर आणि काच यांच्यामधल्या पारदर्शक जेल पॅडमधले हवेचे बुडबुडे आणि अर्धवट बसलेला कपलर तपासा.

तीन वायरींच्या सेन्सरचा कपलर काढून, चावी ऑन करून पुरवठा आणि अर्थ यांच्यात मीटर लावा. साधारण ५ व्होल्ट हवेत. नसतील तर काळी प्रोब बॅटरीच्या निगेटिव्हला लावा. आता ५ आले तर अर्थची वायर तुटली आहे. पुरवठा ठीक असेल तर कपलर परत बसवून सिग्नलची वायर मागून पिनने मोजा. इन्सुलेशन टोचू नका, पुढे तिथूनच गंज धरतो. सेन्सर हाताने झाका, मग उन्हात उघडा: व्होल्टेज सलग बदलायला हवे. वर जाते की खाली, हे मॉडेलवर अवलंबून. एलईडी टॉर्चवर भरवसा नको. काही सेन्सर इन्फ्रारेडवर चालतात, त्यांना तो प्रकाश जाणवतच नाही. आकडा अडखळला तर हार्नेस (वायरींचा जुडगा) हलवून पाहा.

लिन लाइनवरचा, म्हणजे एकाच वायरीवरून डिजिटल संदेश पाठवणारा, पाऊस आणि उजेड दोन्ही ओळखणारा रेन-लाइट सेन्सर मात्र मीटरने असा कळत नाही. तिथे स्कॅनरचा लाइव्ह डेटाच लागतो, आणि त्याची किंमत तिथेच वसूल होते.

मीटरबद्दल तक्रारी दोन. सोबतच्या प्रोब जाड, कपलरमागे शिरत नाहीत. बारीक पिना वेगळ्या घ्याव्या लागल्या. तापलेल्या गाडीत ठेवला की पडदा काळवंडतो, सावलीत निवल्यावर पूर्ववत होतो. घेताना इनपुट रेझिस्टन्स १० मेगाओहम आहे ना ते पाहा, म्हणजे मीटर सर्किटमधून जवळपास करंट ओढत नाही. बल्बचा टेस्ट लॅम्प या वायरींना लावू नका, तो ओढतो तेवढा करंट मॉड्यूलला झेपत नाही.