कामुंडा मॉडेलर : प्रणालीच्या आधी प्रक्रिया

माहिती प्रणालीची रचना हाती घेण्यापूर्वी काम प्रत्यक्षात कसे चालते हे मांडण्यासाठी मी कामुंडा मॉडेलर वापरतो. हे साधन विनामूल्य व मुक्तस्रोत असून विंडोज, मॅक आणि लिनक्सवर चालते. आकृत्या बीपीएमएन या, कामाच्या प्रक्रिया मांडण्याच्या चिन्हपद्धतीत काढल्या जातात; तिची २.० ही आवृत्ती ऑब्जेक्ट मॅनेजमेंट ग्रुप या मानके ठरवणाऱ्या संस्थेने २०११ साली प्रसिद्ध केली आणि २०१३ मध्ये ती आयएसओ मानक झाली.

चौकटी आणि बाण काढून देणारी साधने पुष्कळ आहेत, पण हे साधन चिन्हांचे नियमही जाणते. एका पूलमधील (म्हणजे एका सहभागी संस्थेच्या किंवा विभागाच्या चौकटीतील) कामापासून दुसऱ्या पूलमधील कामापर्यंत बाण ओढला, तर तो आपोआप संदेशाची तुटक रेषा होतो, कारण कामांचा क्रम दाखवणाऱ्या रेषेला पूलची हद्द ओलांडता येत नाही. खरेदी विभाग आणि पुरवठादार यांच्यामध्ये ती रेषा उमटली, की संदेश कोणत्या स्वरूपात येणार, तो आलाच नाही तर काय करायचे आणि तो कोणत्या मागणीचा आहे हे प्रणालीने कशावरून ओळखायचे, हे प्रश्न टाळताच येत नाहीत. ‘मंजुरी’च्या चौकटीच्या कडेवर टायमर बसवून दोन दिवसांनंतरची वाट वरिष्ठांकडे वळवली, तर मूळ अधिकाऱ्याकडचे काम तेथेच थांबते की चालू राहते हे टायमरचे वर्तुळ अखंड आहे की तुटक, यावरून ठरते. माझ्या मते प्रणालीच्या रचनेतील असे निर्णय संगणकीय संहिता (कोड) लिहिताना नव्हे, येथेच व्हायला हवेत.

माहिती साठवण्याचे (डेटाबेसचे) तक्ते आणि त्यांचे परस्परसंबंध मात्र येथे मिळणार नाहीत. माहितीची रचना मानकानेच आपल्या कक्षेबाहेर ठेवली आहे, त्यामुळे त्यासाठी वेगळी आकृती काढावी लागते. निर्णयाचे नियम गेटवेंच्या (वाटा फोडणाऱ्या व जोडणाऱ्या चिन्हांच्या) गर्दीत कोंबण्यापेक्षा याच साधनातील डीएमएन तक्त्यात, म्हणजे निर्णयाचे नियम मांडण्याच्या तक्त्यात लिहावेत. फाइल एक्सएमएल या मजकुराच्या स्वरूपात जतन होत असल्याने गिट या आवृत्त्या सांभाळणाऱ्या साधनात तिच्या आवृत्त्या ठेवणेही सोपे जाते.

टोकन सिम्युलेशन हे प्लगिन जरूर जोडावे; त्यात टोकन म्हणजे प्रक्रिया कुठवर आली हे दाखवत आकृतीतून पुढे सरकणारी खूण. एकच वाट निवडणाऱ्या गेटवेनंतर दोन्ही मार्गांवरून टोकन येईपर्यंत थांबणारा समांतर गेटवे चुकून ठेवला, तर टोकन तेथे अडकून पडते, आणि चिन्हांची ओळख नसलेल्या कर्मचाऱ्यालाही प्रक्रिया नेमकी कुठे थांबली ते पडद्यावर दिसते.