पोत्यावर छापलेली ऊर्जा

संगमनेर भागात आमचा सहा एचएफ (होल्स्टिन फ्रिजियन, संकरित जातीच्या नव्हे तर परदेशी दुधाळ जातीच्या) गायींचा गोठा आहे. दिवाळीनंतर एक जण टेम्पोतून गोळी पेंड घेऊन आला. पोत्यामागे नेहमीपेक्षा २५० रुपये कमी. पोत्यावर ठळक छापलेलं: प्रथिने २० टक्के, टीडीएन ७० टक्के. टीडीएन म्हणजे खाद्यातला पचणारा, ऊर्जा देणारा भाग, एवढं मला माहीत होतं. रोख मोजून ४० पोती उतरवून घेतली. पावती मागितली नाही.

पहिले तीन आठवडे दूध टिकलं आणि तिथेच मी गाफील राहिलो. ताजी व्यालेली गाय ऊर्जा कमी पडली तरी लगेच दूध कमी करत नाही, अंगावरची चरबी झिजवून देत राहते. आमची तारा १८ लिटरवर होती. महिनाभरात तिच्या फासळ्या मोजता येऊ लागल्या, कमरेची हाडं वर आली. मग दूध १५ लिटरवर आलं, एसएनएफ, म्हणजे दुधातला फॅट सोडून उरलेला घन भाग, ८.५ टक्क्यांच्या खाली गेला, डेअरीत दर कापला गेला. माजावरही ती वेळेत आली नाही. मी रोज पाटी भरून ठेवत होतो आणि ते मुकं जनावर अर्धपोटी होतं, हे अजून मनाला लागतं.

विकणाऱ्याला फोन केला तर म्हणाला, "दादा, प्रथिनं तपासून घ्या की." नमुना प्रयोगशाळेत दिला. प्रथिनं भरली १९.८ टक्के! आपलंच काही चुकलं असं वाटलं. पण गुरांच्या डॉक्टरांनी अहवालात दुसऱ्याच ओळीवर बोट ठेवलं: वाळू-सिलिका ९ टक्के. सिलिका भरपूर असलेला भाताचा तूस दळून घातला असणार, ते म्हणाले. मग प्रथिनं कुठून आली? प्रयोगशाळा थेट प्रथिनं नाही, खाद्यातलं नत्र (नायट्रोजन) मोजते आणि त्याला ६.२५ ने गुणते. युरियात नत्र ४६ टक्के. १०० किलो खाद्यात २ किलो युरिया मिसळला की कागदावर पावणेसहा टक्के प्रथिनं वाढतात, ऊर्जा मात्र काडीचीही नाही. युरियाची चाचणी वेगळी सांगावी लागते. ती केली, आणि युरिया निघाला.

टीडीएन तर कोणी मोजलेलाच नव्हता. तो खरा काढायचा तर गायीने खाल्लं किती आणि शेणातून गेलं किती हे मोजावं लागतं. एरवी प्रथिनं, स्निग्ध, तंतू आणि राख (वाळूसारखा न जळणारा भाग) यांवरून अंदाज बांधतात, आणि राखेत ऊर्जा नसते. पोत्यावर तंतू आणि वाळू-सिलिका लिहिलेली नसेल तर टीडीएनचा आकडा कोणीही छापावा.

डॉक्टरांनी आमच्या पेंडेचा टीडीएन ५५ टक्के धरला. दिवसाला ६ किलो खुराकात ९०० ग्रॅमची तूट. ४ टक्के फॅटच्या लिटरभर दुधाला साधारण ३३० ग्रॅम टीडीएन लागतो. म्हणजे पावणेतीन लिटर, तारा घटली जवळपास तेवढीच.

पावती नाही, पोत्यावर बॅच नंबर नाही, त्यामुळे तक्रार करायला हातात काही उरलं नाही. आता प्रत्येक खेपेतली मूठभर पेंड काचेच्या ग्लासात पाणी घालून ढवळतो. वाळू तळाला बसते, जाड तूस वर तरंगतो. युरिया यात दिसत नाही, तो प्रयोगशाळेतच कळतो. किलोभर नमुना तारीख लिहून बांधून ठेवतो. त्या पेंडेची ११ पोती अजून कोपऱ्यात पडून आहेत. फुकट मागायला दोघं येऊन गेले, मी दिली नाहीत.